आधी त्यांचं, मग माझं

"अजून काय वाटत न्हाय. वाटलं की कळवतो."

आबांना कुठल्याही ताज्या गोष्टीवर मत विचारलं, की हे उत्तर ठरलेलं. निवडणुकीचा निकाल लागो, गावात कुणाचं जमलेलं लग्न मोडो, नाहीतर चौकातल्या हॉटेलात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेड यायला लागो, पहिला आठवडा आबा गप्प. आठवडा पालटला, की रविवारी सकाळी त्यांचं पत्र लोकांच्या ई-मेलमध्ये जाऊन पडायचं. पत्र म्हणजे आपलं ते न्यूजलेटर. आबांना तो शब्द आवडायचा नाही. "पत्र म्हणा की सरळ," म्हणायचे, "न्यूज कुठाय त्यात? न्यूज पेपरवाला देतोय. मी फकस्त माझं म्हणणं देतोय."

सांगवीला मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. गावच्या शाळेत मानधनावर शिकवत होते आणि कायम होण्याची वाट बघत होते. कायम करणं न करणं शाळेच्या कमिटीच्या हातात, आणि कमिटीत सगळे सांगवीचेच बागायतदार. मी इंदापूर तालुक्यातली, निरवांगीची. डी.एड. करून इतकी वर्षं घरी बसल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. म्हणून मी गावात अशी राहायचे, की चालताना चपलेचा आवाजसुद्धा होऊ नये. मुळातच भित्री मी, त्यात ही नोकरी. आणि नशीब बघा, घर मिळालं ते कुणाचं, तर तालुक्यात सगळ्यात जास्त मतं असणाऱ्या माणसाचं!

आबा इंदापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. उभा जन्म माइकवरून गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर ऊस बघत बसले, पण घशाला ती सवय. टायपिंग येत नव्हतं, म्हणून फोनपुढं बोलून पत्र लिहायचे. आपली बोली फोनला कळत नाही म्हणून बोलायचे ते स्टँडवरच्या मराठीत. शनिवारी संध्याकाळी अंगणात उभं राहून सुरू व्हायचं, "माझ्या मते लग्नाची वेळ पत्रिकेत छापली जाते स्वल्पविराम ती पाळण्यासाठी असते पूर्णविराम!" तो 'पूर्णविराम' पार दूध डेअरीपर्यंत जायचा. रविवारचं पत्र शनिवारीच सगळ्या आळीला पाठ असायचं.

तरी लोक वाचायचे. गंमत ही, की वाचतो असं कुणी म्हणायचं नाही. एकानं बायकोच्या नावानं ई-मेल काढला होता, एकानं मुलीच्या. किराणा दुकानदारानं तर भलतंच नाव टाकलं होतं. सगळ्यांना एकच धास्ती, आपण आबांच्या यादीत आहोत हे कुणाला कळलं तर? पत्र पटलं की लोक मागच्या बाजूनं, गोठ्याकडून यायचे. माझ्या खिडकीतून ऐकू यायचं, "आबा, ब्येस लिवलंसा. पर माझं नाव कुटं घालू नका बरं का." आणि आबा हसून म्हणायचे, "मत तुमचं आन नाव माझं, व्हय रं?"

त्यांची पद्धत जगावेगळी होती. पत्राचे दोन भाग. वर समोरच्याचं म्हणणं, खाली त्यांचं स्वतःचं. आणि वरचं नुसतं टाकायला म्हणून नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याच्या घरी जायचे, चहा प्यायचे, त्याला बोलतं करायचे, आणि त्यालासुद्धा जमणार नाही इतकं नेटकं त्याचं म्हणणं लिहायचे, 'मी' करून, जणू तोच बोलतोय. वर त्याचं पूर्ण नाव आणि गाव. मग खाली आपलं नाव, गाव आणि उत्तर. वरातीतला डीजे बंद करावा असं त्यांनी लिहिलं, तेव्हा वरची बाजू डीजेवाल्याची होती. ती त्या माणसाला इतकी आवडली, की त्यानं तेवढाच अर्धा भाग छापून घेतला आणि फ्रेम करून दुकानात लावला. खालचा भाग त्यानं वाचलाच नव्हता. आबांना मी हे हसत हसत सांगितलं, तर ते गंभीर झाले. "म्हंजी लोकं वरचंच वाचत्यात का काय, बाई?" तेव्हा आम्हाला दोघांनाही त्यात भ्यायचं काही दिसलं नाही.

मग तो एप्रिल आला.

पाण्याचं जरा सांगते. सांगवी कालव्याच्या वरच्या अंगाला आहे, आमची निरवांगी खाली, शेपटाला. उन्हाळ्यात धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं, की वरची गावं आपापला ऊस भिजवून घेतात आणि खाली यायच्या आत पाण्याचा जीव जातो. त्या वर्षी आमच्या गावाला पाणी पोचलंच नाही. माझ्या वडिलांची डाळिंबं डोळ्यांदेखत वाळली. त्यांचा फोन येऊन गेला होता, मी रडले होते, आणि त्याच संध्याकाळी आबांच्या ओट्यावर काकींबरोबर, म्हणजे आबांच्या बायकोबरोबर, मेथी निवडत बसले होते. आबा सहज म्हणाले, "औंदा पाणी पुरलं बगा सगळ्यांना."

माझं डोकंच फिरलं. "सगळ्यांना म्हणजे कुणाला हो आबा?" म्हटलं. "एका उन्हाळी आवर्तनाला तुम्ही वरच्यांनी कालव्याची दारं बंद ठेवा. पाणी सरळ शेपटाला जाऊ द्या. ऊस एक पाळी चुकली तर मरत नाही. आमची बाग मरते. तुमच्या गावात पाणी रस्त्यावर वाहतं आणि आमच्याकडं माणसं टँकरच्या मागं पळतात!" आणखी बरंच बोलले. मेथी बाजूलाच राहिली.

आबा उठून उभे राहिले. डोळे असे चमकत होते, की बास. "बाई, हे मत हाय! मला अजिबात पटलेलं न्हाय. लिवतो!"

सांगवीत राहून, सांगवीचा पगार खाऊन, सांगवीचं पाणी तोडा म्हणणारी मास्तरीण! कमिटीनं मला दुसऱ्या दिवशी एसटीत बसवलं असतं. मी हात जोडले. "आबा, लिहा हवं तर, पण माझं नाव नको. गावही नको. माझी नोकरी आहे हो." त्यांना ते जड गेलं. नावाशिवाय मत त्यांनी कधी छापलं नव्हतं. पण माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं. न्हाय घालत."

आठवडा पालटला. नाव नाही म्हणून आबा त्या शनिवारी दार लावून हळूच बोलले आणि रविवारी पत्र गेलं. वर माझं म्हणणं, 'मी' करून, कुणाच्याच नावाशिवाय. खाली आबांचं खणखणीत उत्तर, की कालव्याला जमिनी वरच्यांनी दिल्या, पाळी चुकली की उसाचं वजन घटतं, खालच्यांनी शेततळी करावीत. कुणीतरी फोनवर नुसता वरचा भाग धरला, त्याचा फोटो काढला, त्यावर आबांचा फोटो चिकटवला आणि सोडून दिला व्हॉट्सअ‍ॅपवर. खाली ओळ, 'आपल्याच गावचा माणूस आपलं पाणी तोडायला निघालाय.' दुपारपर्यंत तो कालव्याच्या कडेच्या सगळ्या गावांत फिरून आला.

पहिल्यांदा दूध बंद झालं. डेअरीवाला म्हणाला, संपलं. त्याच्यामागं कॅन भरलेले दिसत होते. मग आबांच्या उसाची पाण्याची पाळी आली आणि तशीच पुढं गेली. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं दार उघडलंच नाही. मग फोन यायला लागले. उचलला की पलीकडं नुसता श्वास. संध्याकाळी पोरं मोटारसायकली घेऊन घरापुढं यायची आणि जागेवर उभी राहून रेस करायची. कुणी काही बोलायचं नाही, शिवी नाही, काही नाही. काकी देवापुढं बसून राहायच्या. एकदा पत्र्यावर दगड पडला, आणि मी शाळेच्या वह्या तपासत होते ती टेबलाखाली जाऊन बसले. चांगली तिशीतली बाई मी, टेबलाखाली!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेअरमन. गावच्या पाणी संस्थेचे चेअरमन, आणि शाळेच्या कमिटीतही तेच. माणूस कधी आवाज चढवून बोलला नसेल. वर्गात आले, मुलांना बसा म्हणाले, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "बाई, तुमी आबांच्याच घरात ऱ्हाता न्हवं? असलं कोण शिकवतंय त्यांना? काय कानावर आलं तर सांगा. तुमच्या कायमचं पण बगायचंय आता." खडू माझ्या हातातून पडला. ते वाकले, खडू उचलून माझ्या हातात दिला आणि गेले.

घरी येऊन मी आबांवरच चिडले. भीती वाटली की मला राग येतो, तो स्वभाव आहे माझा. "कशाला दुसऱ्याचं वर लिहिता हो? आपलं आधी लिहावं, जग लिहितं तसं! एवढा कसला न्यायाचा पुळका?"

आबा उसाकडं बघत होते. पात्यांची सुरळी व्हायला लागली होती. म्हणाले, "न्याय कसला आलाय, बाई. लोकं म्हणत्यात, आबा लई न्यायाचा माणूस. पयल्या पत्राला फोन चारदा उचलला आन चारदा ठिवला. म्हटलं, आधी त्यांचं लिवावं, म्हंजी त्यांचा राग उतरंल, मग हळूच आपलं सांगावं. भ्याऊन काढलेली पद्धत हाय ती. पुढं सवय झाली."

हे ऐकून मला आणखीच धडकी भरली. इतके दिवस वाटत होतं, या घरात एकजण तरी न भिणारा आहे.

मारुतीच्या सभामंडपात चेअरमननं बैठक बोलावली. काकी एकट्या जाईनात, म्हणून मी बरोबर गेले. बायका अशा आम्ही दोघीच, खांबाला टेकून. मंडप भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. चेअरमन मधाळ आवाजात म्हणाले, "आबा, आपलं माणूस म्हणून इचारतो. ह्ये मत तुमचं हाय का?"

"लिवलंय मी."

"ते दिसतंय. तुमचं हाय का?"

मागून एकजण ओरडला, "अवो, खाली त्यांनी उलटं लिवलंय! वरचं त्यांचं न्हाय!" त्यानं पूर्ण पत्र वाचलेलं होतं. बिचारा आबांना सोडवायला बघत होता, आणि मंडपात एकदम कुजबुज उठली. त्यांचं नाही तर मग कुणाचं?

चेअरमननं मान वळवली. सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. खांबापाशी आली, थांबली. "मग कुणाचं हाय, आबा? नाव सांगा फकस्त. तुमाला कोण काय म्हणणार न्हाय. तुमचं पाणी उद्या सोडतो."

खांबाला धरून मी उठायला लागले. उठून काय बोलणार होते, देव जाणे. काकींनी माझा पदर ओढला, आणि तेवढ्यात आबांनी मला बघितलं. लगेच, त्या स्टँडवरच्या आवाजात, सगळ्या मंडपावर पडेल असं म्हणाले, "मत माझंच हाय! दोन्ही माझी. वरचं चुकलं. माफी असावी."

आणि वाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननं त्यांना उठवून खांद्यावर हात टाकला. मी खाली बसले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. घाम पुसून मी देवाचे आभार मानले.

पाणी सुटलं. दूध सुरू झालं. मोटारसायकली थांबल्या. आणि आबांचं पत्र बंद झालं.

पहिल्या रविवारी वाटलं, विश्रांती घेत असतील. पण माणूसच गप्प झाला. काकींनी विचारलं, "आमटीला मीठ कमी पडलं का?" तर, "तू म्हणशील तसं." उभा जन्म मिठावरून भांडलेला नवरा! काकींनी घाबरून आमटी पुन्हा चाखून बघितली. डीजेवाला मुद्दाम भांडायला म्हणून आला, वरातीची वेळ वाढवून पाहिजे म्हणाला, आबा म्हणाले, "असू दे की." तो बावरून उठला. मी ताज्या बातम्या सांगून बघितल्या, महिनाभर जुन्या सांगून बघितल्या. "अजून काय वाटत न्हाय," एवढंसुद्धा म्हणेनात. ओट्यावर बसायचे, आल्यागेल्याला मान हलवायचे. काकी माझ्याजवळ रडल्या. "बाई, ह्यांना बोलतं करा. घरात मड्यासारखं वाटतंय." मला त्या दगडाची वाटली नव्हती इतकी भीती त्या मान हलवण्याची वाटायला लागली. रोज माझ्यासमोर बसलेलं असायचं ते, आणि ते माझ्यापायी होतं.

शेवटी मी सगळं माझ्या हातानं फोनवर लिहून काढलं. तेच म्हणणं. वर माझं पूर्ण नाव. खाली गाव, निरवांगी. फोन आबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं.

"साफ चूक हाय," म्हणाले. किती दिवसांनी!

मग बोट नावावर ठेवलं. "आन कमिटी?"

"माहितीय मला."

"मग आजच न्हाय. आठवडा पालटू दे. इचार बदलला तर सांगा, मी इसरून जाईन."

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. शाळेत चेअरमनची गाडी दिसली की मी मागच्या दारानं वर्गात शिरायचे. दोनदा आबांना सांगायला निघाले, की राहू द्या, आणि दोनदा त्यांना ओट्यावर काकींशी मिठावरून वाद घालताना ऐकून परत फिरले.

शनिवारी संध्याकाळी आबा अंगणात उभे राहिले. फोन तोंडापुढं धरला. आणि माझं नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या आळीवर पुकारलं, "मुक्काम निरवांगी स्वल्पविराम तालुका इंदापूर पूर्णविराम!" मी आत भिंतीला पाठ लावून उभी होते. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग त्याच्या शेजारचा. सगळी आळी ऐकत होती. माझं म्हणणं संपवून आबांनी आपलं खालचं म्हणणं सांगितलं, आणि शेवटी एवढं, "सभेत हे मत माझं आहे असे मी म्हणालो स्वल्पविराम ते खोटे होते पूर्णविराम. मला भीती वाटली होती पूर्णविराम."

दगड पडला नाही. कुणी आलं नाही. सोमवारी शाळेत शिक्षकांच्या खोलीत माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली, ती पुढंही राहिली. वर्ष संपताना चेअरमननं बोलावून घेतलं आणि तितक्याच हळू सांगितलं, की पुढच्या वर्षी गरज नाही, बाई. मी ज्याला एवढं भ्याले होते ते झालं. घरी येऊन मनसोक्त रडले. नंतर आमच्या जवळच्या कळंबला एका छोट्या शाळेत लागले, अजूनही मानधनावरच आहे. निरवांगीहून जाऊन येऊन करते.

सामान न्यायला सांगवीत एकही टेम्पोवाला तयार होईना. प्रत्येकाची गाडी नेमकी बिघडलेली. आबांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, काकींनी डबा दिला, आणि आबा स्वतः मला निरवांगीपर्यंत घेऊन आले. सगळ्या वाटेनं, इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून, पाण्याच्या बाबतीत माझं कुठं कुठं चुकतंय ते सांगत होते. मीही ओरडून उत्तरं देत होते. बारामती मागं पडली तरी भांडण चालूच.

सामान उतरवल्यावर वडील त्यांना बाग दाखवायला घेऊन गेले. बाग म्हणजे काय, खोडं. मीही मागून गेले. शेताच्या कडेला आमची चारी आहे, कालव्याचं पाणी आणणारी. तळाला भेगा पडलेल्या, पोरांनी तिच्यात क्रिकेटचे स्टंप रोवलेले. आबा त्या चारीत उतरले. खाली बसले. एका भेगेत बोटं घातली, ती मनगटापर्यंत आत गेली. वडील काहीतरी सांगत होते, ते आबांना ऐकू जात नव्हतं.

मी म्हटलं, "काय आबा? आता तरी पटलं का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "मत बदललेलं न्हाय माझं."

हात झटकून उठले. वर यायला मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला.

"पर बाई, भ्या वाटाया लागलंय," म्हणाले, "बदलंल म्हणून. मला सांगवीलाच ऱ्हायाचं हाय."